भाच्याला ‘फोर हंड्रेड ब्लोज’ कसा दाखवावा: नवशिक्या मामांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांनी विशीत कधीतरी फिल्म सोसायटीचं कार्ड काढलं होतं, ज्यांच्या कपाटात फिल्म ॲप्रिसिएशनचं प्रमाणपत्र अजून प्लास्टिकच्या फोल्डरात आहे आणि ज्यांना आता चौदा वर्षांचा भाचा किंवा भाची आहे, अशा सर्व मामा, मावशी, काका आणि आत्यांसाठी. अनुभवी मामांनी ही वाचायची गरज नाही. त्यांचे भाचे एव्हाना त्यांचा फोन उचलेनासे झालेले असतात.

उद्दिष्ट एकच: फ्रान्स्वा त्रुफोचा १९५९ सालचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ हा ९९ मिनिटांचा, कृष्णधवल, फ्रेंच सिनेमा एका चौदा वर्षांच्या जिवाला शेवटपर्यंत दाखवणे. तो जुना झालाय की नाही, हे त्यातून आपोआप कळेल. फक्त ते तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी कळणार नाही.

पूर्वतयारी

भाच्याच्या आईची परवानगी घ्यावी. ‘काय आहे रे त्यात?’ असं ताई विचारेल. याचं खरं उत्तर असं, की त्यात एक मुलगा शाळा बुडवतो, आई वारली म्हणून मास्तरांना थाप मारतो, मित्राबरोबर सिगार ओढतो, वडिलांच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरतो आणि शेवटी सुधारगृहातून पळून जातो. हे उत्तर देऊ नये. ‘फ्रेंच आहे’ एवढंच म्हणावं. दहावीला फ्रेंच घेतलं की मार्क मिळतात, अशी आपल्याकडे बऱ्याच घरांत समजूत आहे. तिचा इथे उपयोग होतो.

पडदा जमेल तेवढा मोठा असावा. हा आग्रह हौसेचा नाही. छायाचित्रकार आँरी दकाए याने हे सगळं रुंद चौकटीत टिपलंय आणि त्या रुंद चौकटीत एक इतकं अरुंद घर कोंबलंय, की माणसं एकमेकांना घासल्याशिवाय फिरूच शकत नाहीत. मोबाइलवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि ते घर आगपेटीएवढं होऊन बसतं. सबटायटलची काळजी करू नका. तो तुमच्यापेक्षा वेगाने वाचतो.

काय सांगू नये

हा टप्पा सर्वांत अवघड, म्हणून विस्ताराने.

त्रुफोचा जन्म १९३२ चा, आई अविवाहित असतानाचा, हे सांगू नये. सुरुवातीची वर्षं तो आजीकडे वाढला, आडनाव सावत्र वडिलांचं मिळालं, शाळा लवकर सुटली आणि उरलेलं शिक्षण पॅरिसच्या थिएटरांमध्ये, बरेचदा तिकीट न काढता झालं, हेही सांगू नये. सोळाव्या वर्षी त्याने स्वतःचा फिल्म क्लब काढला आणि तो कर्जात बुडाला. सावत्र वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर पळवून विकण्यापर्यंत मजल गेली आणि १९४८ मध्ये त्यांनीच त्याला पोलिसांच्या हवाली केलं. तिथून व्हिलज्वीफच्या बालगुन्हेगारांच्या केंद्रात. त्याला या सगळ्यातून बाहेर काढायला धडपडला तो समीक्षक आंद्रे बाझाँ. या सिनेमाचं चित्रीकरण १० नोव्हेंबर १९५८ ला सुरू झालं आणि त्याच रात्री बाझाँ वारला, चाळिसाव्या वर्षी. सिनेमा त्याला अर्पण केलाय. हा भाग सांगताना तुमचा आवाज कापरा होतो, म्हणून तर मुळीच सांगू नये.

कानचा किस्सा तर ओठांवर येऊन थांबलेला असेल. समीक्षक त्रुफोची लेखणी इतकी तिखट होती, की १९५८ च्या कान महोत्सवाने त्याला निमंत्रणच दिलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच महोत्सवात याच सिनेमासाठी त्याला उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, वय वर्षं सत्तावीस. फ्रेंच सिनेमातल्या प्रस्थापितांवर कोरडे ओढणाऱ्या या माणसाला पैसे कोणी दिले? सासऱ्यांनी. ते चित्रपट वितरक होते, म्हणजे अस्सल प्रस्थापित. हाही किस्सा गोड आहे. गिळून टाका.

एकच माहिती द्यायची मुभा आहे, तीही भाचा फारच कंटाळलेला दिसला तर. स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये परग्रहवासीयांच्या मागावर असलेला जो फ्रेंच शास्त्रज्ञ आहे, तो हाच त्रुफो, आणि शेकडो माणसं आकाशाकडे बोट दाखवतात तो त्यातला प्रसंग १९७७ मध्ये आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. खोपोली म्हटल्यावर भाचा वडापावकडे वळण्याचा धोका आहे, पण तेवढा पत्करावा.

हे सगळं खरं असताना लपवायचं का? कारण खऱ्या आयुष्याचा दाखला दिला, की पोरगं सिनेमा बघायचं सोडून आदर दाखवायला लागतं. लग्नाचा अल्बम उलगडून प्रत्येक फोटोमागचं नातं समजावणाऱ्या आत्याबाईंसमोर आपण जसे बसतो, तसं ते बसतं.

सुरुवात

पहिल्या नावांबरोबर आयफेल टॉवर दिसेल, कधी इमारतींच्या वर, कधी झाडांच्या आड. जाँ कॉन्स्तांताँचं संगीत थोडं गोडसर आहे, आजच्या कानाला जरा जास्तच. इथे भाचा पहिल्यांदा फोन बघेल. बघू द्या.

मग वर्ग. एका बाईचं चित्र बाकांवरून फिरत फिरत आपल्या नायकाच्या, आंत्वान द्वानेलच्या, हातात येतं आणि नेमका तोच सापडतो. मास्तर त्याला कोपऱ्यात उभं करतात. या मास्तरांवर आपण फिल्म सोसायटीच्या शोला खदखदून हसलो होतो. भाचा हसत नाही. तो विचारतो, ‘यांची कम्प्लेंट कोणी केली नाही?’ प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं बेकायदा ठरवलं. कायदा सगळीकडे पोचलाय असं नाही, पण भाच्याच्या डोक्यात पोचलाय. आपल्याला जो मास्तर विनोदी वाटायचा, तो त्याला गुन्हेगार वाटतो. ‘आम्ही तर डस्टरचा मार खाल्लाय’ हे वाक्य इथे सक्त वर्ज्य. त्या वाक्याने मास्तरांची बाजू बळकट होते.

थोड्याच वेळात तो हसेल, आणि ते तुमच्या मदतीशिवाय. पीटीचे सर शिट्टी वाजवत मुलांची रांग पॅरिसच्या रस्त्यांवरून नेतात आणि मागची मुलं दोन-दोन, तीन-तीन करून गल्लीबोळांत सटकत जातात. कॅमेरा वरून बघतो. शेवटी सरांच्या मागे जेमतेम दोघे उरतात. हा प्रसंग जसाच्या तसा टिकलाय. तो जाँ व्हिगोच्या १९३३ च्या ‘झीरो फॉर कंडक्ट’ला केलेला सलाम आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक आहे.

घर

आता लक्ष द्या, कारण इथपासून भाचा तुमच्या पुढे जाणार आहे.

आंत्वानला खोली नाही. बाहेरच्या दाराला लागूनच्या बोळात, पलंगावर, स्लीपिंग बॅगमध्ये तो झोपतो. रात्री कोणी उशिरा आलं की त्याच्यावरूनच घरात शिरतं. भिंती पातळ आहेत. आईवडील त्याच्याविषयी काय बोलतात ते त्याला अंधारात ऐकू येतं. शाळेतून आला की शेगडीत कोळसा घालायचा, टेबल मांडायचं, झोपण्यापूर्वी कचऱ्याचा डबा खाली नेऊन ओतायचा. कोळशाचे हात पडद्याला पुसायचे. हे सगळं त्रुफो कोणताही जोर न देता दाखवतो. मुंबईत हॉलमध्ये गादी घालून झोपणाऱ्या पोराला त्या बोळाविषयी एक अक्षर समजवावं लागत नाही. स्वतंत्र खोली असलेला भाचा असेल तर तो विचारेल, ‘हा अभ्यास कुठे करतो?’ दोन्ही प्रकारचे भाचे त्या डब्याकडे बघत राहतात. मी पाहिलंय ते असं, की मोठी माणसं या सिनेमातलं पॅरिस लक्षात ठेवतात आणि मुलं त्या घराचा जिना.

थाप

शाळा बुडवल्याचं कारण मास्तर विचारतात आणि आंत्वान, दुसरं काही सुचेना म्हणून, आई वारली असं सांगतो. मास्तर विरघळतात. ही थाप १९५९ मध्ये काही तास टिकली. मग आईवडील स्वतः वर्गाच्या दारात उभे राहिले आणि वडिलांनी सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. आज ती काही मिनिटंसुद्धा टिकणार नाही. पालकांच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू होईल, त्यात कोणीतरी चुकून अंगठा देईल, आणि खुद्द आई त्याखाली ‘कोण गेलं?’ असं विचारेल. कथानक इथेच कोसळतं.

भाचा हे लगेच बोलून दाखवेल. बोलू द्या, कारण नंतर तो गप्प होतो. आजच्या पोरांना खोटं बोलायला जागा उरलेली नाही. सीसीटीव्ही, हजेरीचं ॲप, लोकेशन. आंत्वान दिवसभर कुठे होता हे कोणालाही माहीत नव्हतं. तो जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या पिंपात भिंतीला चिकटून उलटा होतो (त्याच पिंपात त्रुफोही दिसतो, गप्प बसा), रात्र छापखान्यात काढतो, पहाटे दुधाची बाटली चोरून रस्त्यात उभ्या उभ्या गटागटा पितो. आपण या पोराची कीव करतो. भाच्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, मला चक्क हेवा दिसला आहे.

बाल्झाक

निबंधाला आंत्वान बाल्झाकचा मजकूर लिहितो. वाचून वाचून तो त्याच्या अंगात मुरलाय. घरी त्याने बाल्झाकच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलीय, आणि तिने पडदा पेटतो. मास्तर त्याला चोर ठरवून वर्गाबाहेर काढतात. भाचा सांगेल की त्याच्या वर्गात निम्म्यांचे निबंध एआय लिहून देतं आणि कोणी पकडलं जात नाही. यावर नवशिका मामा हल्लीच्या पिढीवर बोलू लागतो. त्यापेक्षा दोन गोष्टींची नोंद घ्या. एक, या मास्तरांनी बाल्झाक ओळखला. आज कोणी श्री. ना. पेंडशांचा परिच्छेद उतरवला तर किती वर्गांत ओळखला जाईल? दोन, आंत्वानने समोर पुस्तक ठेवून उतरवलेलं नव्हतं. प्रेमाची आणि चोरीची ती सरमिसळ मास्तरांना कळली नाही. ती भाच्याला कळते का, ते तुम्हाला त्याच वेळी कळणार नाही. पुढे जा.

आई

नवशिक्यांनी इथे खास सावध राहावं. हा सिनेमा बदललाय तो इथे.

आपण पाहिला तेव्हा आई खलनायिका होती. ती मुलाला पिठाच्या पुडीवरून झापते, आरशासमोर बसते, प्लास क्लिशीच्या चौकात परपुरुषाला मिठी मारताना आंत्वान तिला बघतो. त्यानंतर ती गोड वागायला लागते, त्याला आंघोळ घालते, निबंधात पहिल्या पाचांत आलास तर हजार फ्रँक देईन म्हणते. आपल्याला ते लाच देणं वाटायचं. बाहेर पडून आपण चहाबरोबर तिचा निकाल लावून टाकला होता.

आता भाचीबरोबर बघा. मुद्दाम भाची म्हणतोय. आईची, म्हणजे झिल्बेर्तची, भूमिका करणारी क्लेर मोरिए चित्रीकरणाच्या वेळी तिशीलाही पोचलेली नव्हती. म्हणजे कथेतल्या या बाईला कोवळ्या वयात नको असताना मूल झालं. गर्भपात करून घ्यायचा होता, तो तिच्या आईने होऊ दिला नाही. नंतर एका भल्या, गमत्या माणसाने तिच्याशी लग्न केलं, पोराला नाव दिलं, आणि ती उपकाराची जाणीव तिला रोज त्या दीड खोलीत भेटते. ही सगळी माहिती सिनेमातच आहे. कोणी लपवलेली नव्हती. फक्त मुलाच्या उंचीवरून सांगितलीय, आणि आपण सारे तेव्हा मुलगेच होतो, वय काही का असेना. सोसायटीच्या त्या हॉलमध्ये बायका किती असायच्या, आठवून बघा.

सिनेमाची ही उणीव आहे असं मी म्हणेन, आणि मोठी आहे. त्रुफोच्या आईवडिलांना हा सिनेमा फार लागला होता. पण दिग्दर्शक तिथे थांबला नाही. द्वानेलच्या गोष्टीचा शेवटचा भाग, ‘लव्ह ऑन द रन’, १९७९ मध्ये आला. त्यात तिशीतल्या आंत्वानला आईचा तोच जुना प्रियकर भेटतो, आई तुझ्यावर तिच्या पद्धतीने प्रेम करत होती असं सांगतो आणि त्याला तिच्या कबरीपाशी, मोंमार्त्रच्या दफनभूमीत घेऊन जातो. वीस वर्षांनी स्वतःच्या निकालावर स्वतःच फेरविचार अर्ज करणारे दिग्दर्शक थोडे. तो नंतरचा सिनेमा मात्र तितका चांगला नाही.

मुलाखत

टाइपरायटरची चोरी आंत्वानला सुधारगृहात नेते. तिथली मानसोपचारतज्ज्ञ त्याला प्रश्न विचारते. ती दिसत नाही; फक्त आवाज. समोर एकटा आंत्वान, टेबलावर हात. जाँ-पिएर लेओ तेव्हा चौदा वर्षांचा होता. वृत्तपत्रातली जाहिरात बघून शेकडो मुलं आली होती, त्यांतून निवडलेला. या प्रसंगाचे संवाद त्याला लिहून दिलेले नव्हते. बाकीच्या सिनेमाचा आवाज बराचसा नंतर भरलाय, इथला मात्र जागच्या जागी टिपलेला. तो आजीचे पैसे चोरल्याचं सांगतो, खरं बोललं तरी घरी विश्वास ठेवत नाहीत म्हणून खोटं बोललेलं बरं असं सांगतो, मुलींबद्दल विचारल्यावर हसतो आणि मग एका वेश्येची वाट बघत उभं राहिल्याची फसलेली हकीकत सांगतो. या हकीकतीच्या वेळी पाणी आणायला उठू नये. भाच्याला ते समजतं. उठलात की फक्त तुम्हाला लाज वाटली हे त्याला समजतं.

एका मुलाने कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसून स्वतःबद्दल बोलणं ही १९५९ मध्ये नवलाची गोष्ट होती. आज भाच्याच्या फोनमध्ये असे शेकडो चेहरे आहेत, सगळे आरशात तालीम करून आलेले. म्हणून हा प्रसंग जुना वाटायला हवा होता. उलटं घडतं. लेओचे हात टेबलावर काहीतरी कुरतडत असतात, नजर खाली जाते, खांदा उडतो; त्याला कोणाकडून काही मिळवायचं नाहीये. फोन खाली ठेवला जातो तो इथे. माझ्या मते हा सिनेमा टिकलाय तो या काही मिनिटांच्या जोरावर, आणि आपण मात्र तेव्हा शेवटाबद्दलच बोलत होतो.

शेवट

तर तो शेवट. फुटबॉल चालू असताना आंत्वान कुंपणाखालून निसटतो, पळतो, पळतच राहतो, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घालतो, वळतो, आपल्याकडे बघतो आणि चित्र गोठतं. जगभरच्या फिल्म स्कूलांत हे चित्र भिंतीवर असतं. तुम्ही श्वास रोखून भाच्याकडे बघाल. तो म्हणेल, ‘मामा, नेट गेलं का?’

रागावू नका. रोज रात्री मराठी मालिकांत तीन सुना आणि एक सासू अशाच गोठतात. ही युक्ती इतक्यांनी उसनी नेली, की मूळ मालकाकडे काही शिल्लक राहिलं नाही. शिवाय आपल्याकडे मधल्या काळात ‘फँड्री’ येऊन गेला. नागराज मंजुळेचा जब्या २०१३ मध्ये कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याच दिशेने, दगड भिरकावतो. तो दगड खाल्लेल्या प्रेक्षकाला आंत्वानची नजर सौम्य वाटली तर नवल नाही. आंत्वानला कोणी जातीवरून डुकरं धरायला लावलेली नाहीत. तो फक्त कोणाला नको होता. ‘फक्त’ हा शब्द मी जपून वापरतोय.

मात्र पळण्यापूर्वीची एक गोष्ट भाच्याला आठवत असेल. पोराला समुद्राजवळच्या केंद्रात ठेवा, अशी विनंती न्यायाधीशांकडे आईनेच केली होती. नसेल आठवत तर आठवण करून द्यायला हरकत नाही. कथेबद्दल तुम्हाला मिळालेली ही एकमेव टिप्पणी, जपून वापरा.

नंतर

‘कसा वाटला?’ विचारू नये. ‘बरा होता’ असं उत्तर आलं तर ते पूर्ण गुण समजावेत. ‘त्याचं पुढे काय झालं?’ असं विचारलं तर लगेच पाचही भागांचा महोत्सव भरवू नये. ‘आंत्वान अँड कोलेत’ हा १९६२ चा दुसरा भाग जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, विनोदी आहे, आणि त्यात आंत्वान ग्रामोफोन रेकॉर्डच्या कंपनीत नोकरी करतो, स्वतःच्या खोलीत राहतो. तेवढा लावा. ताईला सांगा, हासुद्धा फ्रेंचच आहे.